चित्रातल्या बाईचा ओला घेर

मी अमेरिकन चित्रकलेचा अभ्यास करतो, असं सांगायला मला अजून संकोच वाटतो. मी बोईसरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. तारापूरचं अणुकेंद्र उभारायला आलेले अमेरिकन इंजिनियर परत गेले, तेव्हा त्यांच्यातल्या कुणाचं तरी एक जाडजूड पुस्तक इथल्या रद्दीच्या दुकानात येऊन पडलं. दोनशे वर्षांतली चित्रं आणि त्या काळातल्या समाजाची हकीकत, असं ते पुस्तक होतं. ते घरी आणून मी पंधरा वर्षं वाचत राहिलो. एवढ्या वेळात चालत अमेरिकेला जाऊन परत आला असतात, असं माझी बायको उषा म्हणायची.

निवृत्त झाल्यावर, शहाऐंशी साली, पालघरच्या एका अभ्यासमंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. हो म्हणून कळवलं आणि त्याच दिवसापासून पस्तावलो. मुलांपुढे बोलणं वेगळं. मोठ्या माणसांपुढे माझ्या तोंडाला कोरड पडते. म्हणून सगळं लिहून काढलं. सतरा पानं झाली, तीही एकाच चित्रावर. समुद्रकिनाऱ्यावर एक कोळीण उभी आहे, कमरेला टोपली, डोळ्यांवर हाताची सावली. पुस्तकात लिहिलं होतं की ती समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघते आहे. मी त्या वाट बघण्यावर नऊ पानं खर्च केली होती. लिहिताना एकदा माझे डोळेही भरून आले होते.

व्याख्यानाच्या आदल्या सकाळी जवळच्या नवापूर गावची काशीबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली. उषा मांदेली निवडत होती. निवडता निवडता तिने काशीबाईला सांगितलं की आमचे हे सध्या एका अमेरिकन कोळणीच्या नादी लागले आहेत. काशीबाईला ती कोळीण बघायचीच होती. मी लाजत पुस्तक ओटीवर आणलं. हात ओले म्हणून तिने त्याला स्पर्श केला नाही, नुसती वाकून बघत राहिली. मी तिला वाट बघण्याचं सांगितलं.

"वाट कुठं बगते?" काशीबाई म्हणाली. "तिचा घेर बगा ना, मास्तर. गुडघ्यापर्यंत ओला हाय. ती पाण्यात शिरून होडीवरनं मासळी घेऊन आली. बाजाराला जायची घाई हाय तिला."

मी भिंग आणलं. झग्याचा खालचा भाग खरोखरच गडद रंगवलेला होता. पंधरा वर्षांत मला तो दिसला नव्हता.

मग ती समुद्राकडे बघत का उभी आहे, असं मी विचारलं. त्यावर काशीबाईने जे सांगितलं ते माझ्या सतरा पानांहून मोलाचं होतं. केळव्याला मुंबईची माणसं सुट्टीला येतात. तिची बहीण तिथे दिली आहे. पाटी घेऊन निघालेल्या बहिणीला ती माणसं थांबवतात, समुद्राकडे बघ म्हणतात आणि फोटो काढतात. तोवर मासळी उन्हात नरम पडते. "ही पण तशीच उबी केलीय," काशीबाई म्हणाली. "तोंड बगा तिचं. मनात शिव्या देते."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. पुढच्याच पानावर होतं की तो चित्रकार उन्हाळ्यात शहरातून किनाऱ्यावर जायचा आणि त्याची चित्रं शहरातले श्रीमंत दिवाणखान्यात लावायचे. वाट बघणारी बाई हवी होती ती त्यांना. हे पान मी बारा वेळा वाचलं होतं. नऊ पानं फाडून मी पुन्हा लिहायला बसलो.

रविवारी सभागृहात एकवीस माणसं होती. मी मान खाली घालून वाचलं. ओल्या घेरापाशी आलो आणि कागदावर 'काशीबाई' हे नाव समोर दिसत असताना माझी जीभ अडखळली. मासळीवालीने सांगितलं म्हटलं तर हसतील, असं वाटलं. मी म्हणालो, "एका अभ्यासकाच्या मते..."

टाळ्या बऱ्याच झाल्या. अध्यक्ष कृष्णकांत पाटील कॉलेजात प्राध्यापक होते. हे निरीक्षण अपूर्व आहे, अभ्यासकाचं नाव काय, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"आत्ता आठवत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काशीबाईने विचारलं, माणसं काय म्हणाली? खोटं बोलायला मी घाबरतो, आणि उषा शेजारीच उभी होती. मी सगळं सांगून टाकलं.

 काशीबाई उषाकडे वळून म्हणाली, "वयनी, पंधरा वर्सं दारात हाक मारते, नि मास्तरांना नाव आठवला नाय." आणि बोंबील दाखवायच्या आधीच तिने पाटी झाकली. आज बोंबील फक्त नाव आठवणाऱ्या गिऱ्हाइकांना, म्हणाली. ती वळणापर्यंत हसत गेल्याचं ऐकू येत होतं. उषाही हसत होती. मला मात्र जेवण गेलं नाही.

दुपारीच मी प्राध्यापकांना कार्ड लिहिलं. अभ्यासकाचं नाव काशीबाई तांडेल, मुक्काम नवापूर. ते मला आठवत होतं, सांगायची लाज वाटली, आता लाज त्याचीच वाटते. पोस्टाच्या पेटीत टाकताना हात मागे येत होता, म्हणून उषाने ते माझ्या हातातून घेऊन आत टाकलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. पुढच्या रविवारी उरलेली चित्रं घेऊन या, आणि बाईंनाही आणा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते काशीबाईला वाचून दाखवलं.

"रविवारी नाय जमायचं," ती म्हणाली. "रविवारी गिऱ्हाईक असतं. त्यांना म्हणावं, सोमवार धरा."

आणि तिने पाटीवरचं फडकं काढून बोंबील पुढे केले.