आता कुठलं बघणं

साक्षीदाराच्या खुर्चीशेजारचं स्टूल पायानेच पुढे ओढून दुभाषीबाई टेकल्या आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने त्यांनी चप्पल सैल केली. सकाळपासूनची ही तिसरी खोली. पहिलीत चोरीचा खटला झाला, दुसरीत सामाईक भिंतीवरून भांडणारे शेजारी झाले. इथे काय चाललंय ते कोणी धड सांगितलंही नव्हतं. शिपायाने दारातून मान घालून "चला बाई, इकडची दुभाषी आजारी पडलीय," म्हटलं आणि त्या उठून आल्या. घसा इतका बसला होता की प्रत्येक वाक्याआधी आवंढा गिळावा लागत होता.

खुर्चीत एक म्हातारा शिंपी बसला होता. दुकान आता त्याचा मुलगा चालवायचा. त्यानेच बापाला दंडाला धरून आणून बसवलं होतं. समोरच्या बाकावर मुलगी होती. बापाने बघून दिलेलं घर सोडून ती एकटी राहू लागली, त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिला माहेरचं दार बंद होतं. अप्पांना भेटायचंय, भाऊ उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, असा तिचा अर्ज होता. भेटायला अप्पांचीच तयारी नाही, असं भावाचं म्हणणं.

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग ते इंग्रजीत म्हणाले, मुलीच्या येण्याजाण्याला हे गृहस्थ 'काउंटेनन्स' करायला तयार आहेत का, विचारा.

हा शब्द बाईंना फार दिवसांनी भेटला. शाळेत पाठ केला तेव्हा त्याचा अर्थ चेहरा होता. पुढे नोकरीत कळलं, की मोठ्या खुर्चीतली माणसं तोच शब्द चालवून घेणं, खपवून घेणं यासाठी वापरतात, आणि तोही बहुतेक वेळा नकार देतानाच. एरवी त्यांनी क्षणभर थांबून साधं काहीतरी निवडलं असतं. पण डोकं जड झालं होतं, आणि चेहरा नि चालवून घेणं दोन्ही एकदम सांगणारं बोलणं आपल्याकडे आयतंच होतं. ते तोंडातून निघूनही गेलं.

"काका, मुलीचं तोंड बघायची तयारी आहे का तुमची?"

म्हातारा ताठ बसून होता. त्याने गुडघ्यावरचा हात एकदा उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"नाही," तो म्हणाला. मग खाली मान घालून पुटपुटला, "आता कुठलं बघणं."

"नो," बाईंनी सांगितलं. त्याचं पुटपुटणं त्यांनी गाळलं.

मुलीने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळून ती तो सोडवत बसली. भावाने श्वास सोडला, पण जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. आधीच ओझ्याने वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी काही पडलं नाही, एवढीच काय ती सुटका. न्यायाधीश टंकलेखकाला हुकूम सांगू लागले.

तेवढ्यात शिपायाने म्हाताऱ्यापुढे पाण्याचा पेला धरला. म्हाताऱ्याचा हात पुढे आला तो पेल्याच्या वीतभर बाजूने, आणि तिथेच हवेत थांबला. मुलाने पुढे होऊन पेला घेतला, बापाची बोटं एकेक करून त्याभोवती बसवली आणि मागे सरकला. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की आपण काही केलं हेही त्याच्या ध्यानात नसावं.

बाईंनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते खिडकीच्या वरच्या कोपऱ्यावर लागलेले होते. तिथे काहीच नव्हतं.

आता कुठलं बघणं.

गप्प बसता आलं असतं. कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, आणि 'नाही' हे उत्तर म्हाताऱ्याने दिलंच होतं. मागच्या महिन्यात हेडक्लार्क गोड आवाजात म्हणाला होता, "बाई, हल्ली दमता हं तुम्ही." त्या गोड आवाजाचा अर्थ लावायला दुभाषी लागत नव्हता. टंकलेखकाने ओळ संपवून पुढची घेतली. बाई अनवाणीच उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी चूक झाली."

भावाचे वकील लगेच उठले. उत्तर स्पष्ट आहे, ते म्हणाले.

"कसली चूक?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी प्रश्न ज्या शब्दांत विचारला, त्याचे दोन अर्थ होतात. त्यांनी बहुतेक वेगळ्याच अर्थाला उत्तर दिलं. आणि ते पुढे जे बोलले, ते मी सांगितलंच नाही."

 न्यायाधीशांनी टंकलेखकाला ही चूक नोंदवून घ्यायला सांगितलं. "पुन्हा विचारा," ते म्हणाले. "आणि ह्या वेळी सगळं सांगा."

बाई वाकल्या. "काका, मुलगी घरी तुम्हाला भेटायला आली, तर चालेल का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने पेल्यातून एक घोट घेतला. 

"अप्पा, बोला," मुलगा म्हणाला.

"मी तिला म्हटलं होतं, तुझं तोंड बघणार नाही. चारचौघांत म्हटलं होतं." म्हाताऱ्याने ओठ पुसले. "आता डोळेच राहिले नाहीत, तर बघणार काय? यायचं असेल तर येऊ दे. माझा शब्द काही मोडत नाही त्यानं."

बाईंचं इंग्रजी सुरू व्हायच्या आत मुलीने मान वर केली होती.

हे कधीपासून, न्यायाधीशांनी भावाला विचारलं. आणि कोर्टाला का नाही सांगितलं?

"थंडीत गेली उरलीसुरली नजर," भाऊ म्हणाला. "सांगून काय होणार होतं, साहेब? न्हाऊ-माखू मीच घालतो. औषधं मीच देतो. ही तासभर बसून जाईल. मग दोन दिवस ह्यांना जेवण जाणार नाही. ते पण मीच बघायचं."

बाईंनी तेही सांगितलं. 'ते पण' सुद्धा गाळलं नाही.

"म्हणजे, काउंटेनन्स करतात म्हणायचं," न्यायाधीश म्हणाले.

"तसं ते म्हणाले नाहीत, साहेब. येऊ दे म्हणाले."

न्यायाधीशांनी आठवड्यातून एकदा भेटीचा हुकूम दिला आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

बाहेर हेडक्लार्कला खबर आधीच पोचली होती. "मोठ्या साहेबांना भेटून जा संध्याकाळी," तो म्हणाला. बाईंनी बरं म्हटलं आणि व्हरांड्यातल्या लांब बाकाच्या टोकाला बसून त्या पोटऱ्या दाबू लागल्या. बाकाच्या मध्यावर म्हातारा एकटाच होता. मुलगा गाडी आणायला गेला असावा.

मुलगी आली आणि थोडी दूरच उभी राहिली.

"कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मी, अप्पा."

बाक दोन्हीकडे रिकामं होतं, तरी म्हातारा थोडा सरकला. ती बसली. बाईंनी मान वळवली आणि पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

"म्हातारी झालीस का गं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"थोडी."

"केस?"

"कानाजवळ पिकलेत. पुढचे आहेत अजून काळे."

मुलगा किल्ली हातात घेऊन जिन्यापाशी आला होता. दोघांना पाहून तो तिथेच कठड्याला टेकला.

"तिचेही तिथूनच सुरू झाले होते," म्हातारा म्हणाला. "तुझ्या आईचे."