पावसाळ्यातला पंचनामा

सुनावणी अकराची होती, पण काशीराम कुबल सव्वानऊलाच नगरपंचायतीच्या पायरीवर येऊन बसला. येणारेजाणारे म्हणाले, म्हाताऱ्याला किनाऱ्याची किती काळजी! काळजी होतीच. पण घरात त्याला चहाचा घोटसुद्धा गिळवला नव्हता, त्याचं कारण वेगळं होतं. ते कारण आत सुनावणी घेणाऱ्या मॅडमच्या टेबलावरच्या फाइलमध्ये होतं. तिथल्या एका कागदावर त्याची सही होती. ही गोष्ट वाडीत कोणालाच ठाऊक नव्हती, बायकोलाही नाही.

आडबंदरला आता शहर म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी नगरपंचायत झाली तेव्हा तशी कमानच उभी केली. काशीरामच्या लहानपणी इथं गाबतांची, म्हणजे मच्छीमारांची, चाळीस घरं होती, जकातीची एक चौकी होती आणि आठवड्यातून दोनदा मुंबईची बोट लागायची. बोट बंद पडली तेव्हा लोक म्हणाले, संपलं गाव. मग डांबरी रस्ता आला, एसटी आली, छपरांवरचे मातीचे नळे गेले आणि स्लॅब पडले. रेल्वे आली, आणि तिच्या पाठोपाठ पुण्याकोल्हापूरची माणसं मासे खायला आणि पाण्यात तोंड बुडवून मासे बघायला येऊ लागली. ज्या पडवीत जाळी वाळायची तिथं एसी खोल्या झाल्या. वाईट झालं असं कोण म्हणेल? काशीरामच्या घरीही दोन खोल्या होत्याच. गाव वाढत वाढत मागे डोंगराला जाऊन टेकलं. पुढची एकच जागा होती तशी राहिली होती. बंदराच्या उत्तरेची तीनशे पावलांची वाळूची पुळण, जिथं रापण ओढतात.

रापणीत एक होडी समुद्रात अर्धगोल फिरून लांबच लांब जाळं टाकते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरची साठेक माणसं ओढतात. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, जो दोरी धरील त्याला मासळीचा वाटा. मोकळी वाळू नाही तर रापण नाही. आणि शहराच्या विकास आराखड्यात नेमक्या त्या वाळूवर आरक्षण पडलं होतं, सागरी पदपथ आणि वाहनतळ. ज्यांच्याकडे ना यांत्रिक नौका ना पर्यटकांच्या खोल्या, अशी बावीस घरं त्या दोरीवर जगत होती. आराखड्यात मात्र लिहिलं होतं, जागा मोकळी, वापर नाही.

"ह्या कोणी लिवन दिलान, तो माका गावांदे," रापण संघाचा सेक्रेटरी निकेत महिनाभर म्हणत होता. "रापणीच्या दोरीनच बांधतंय तेका." निकेत काशीरामचा सख्खा पुतण्या. काशीराम मान डोलवायचा आणि त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा.

झालं होतं ते अगदी साधं. गेल्या वर्षी नऊ जुलैला, धो धो पावसात, दोन सर्वेवाले उलट्या झालेल्या छत्र्या सावरत किनाऱ्यावर आले. काशीराम समुद्राचा अंदाज घेत उभा होता. "इथं काही होडी, जाळी, बांधकाम?" त्यांनी विचारलं. "नाय," तो म्हणाला. खरंच नव्हतं. जूनमध्ये रापण बंद झाली की होड्या माडांखाली जातात, जाळी घरामागच्या खोपटात, मांगरात, मासळी वाळवायच्या काठ्यासुद्धा उपटून आणतात. आषाढातला समुद्र पुळणीवर खिळा ठेवत नाही. आणि तिथं पक्कं काही बांधायचं नाही, हा तर आज्यापणज्यापासूनचा दंडक. सर्वेवाले म्हणाले, पंच म्हणून सही करा. काशीरामची सही वळणदार, त्याला तिचा अभिमान. त्यानं ती ठोकून दिली. पावसाळ्यात पुळण रिकामीच असते हे सांगायला हवं, असं त्याच्या मनातही आलं नाही. समुद्र खारट असतो हे कोणी लिहून देतं का?

अकरा वाजता सभागृह भरलं. पुढच्या खुर्चीत नगरसेवक जितेंद्र पराडकर बसला होता. पुळणीला लागून त्याचं हॉटेल, आणि पदपथाचा ठरावही त्याचाच. त्याची आई जानकी मात्र त्याच्याजवळ न बसता मागे, काशीरामच्या बायकोच्या, यमुनाबाईच्या शेजारी बसली होती. मॅडम घाटावरच्या, बोलणं मोजकं, डोळा घड्याळावर.

निकेतनं हरकत वाचली. मॅडमनी फाइल चाळली.

"पण इथं पंचनामा आहे. जागेवर होडी, जाळी, बांधकाम आढळले नाही. पंच, काशीराम धाकू कुबल. हे कोण?"

सगळी वाडी वळून बघू लागली. निकेतचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पण गडी हुशार, तो काशीरामच्या कानाशी वाकला. "माझी न्हय म्हणान सांगा, काका. सही तपासूक दोन वर्सा जातली. तवसर आराखडो लटाकतलो."

दोन वर्षं म्हणजे दोन हंगाम. काशीरामला मोह झाला, का होऊ नये? घशाशी आलेलं 'न्हय' त्यानं कसंबसं मागे ढकललं. आज खरी सही खोटी म्हटली, तर पुढे जे बोलायचं ते खरं कोण धरणार?

"सही माझीच आसा," तो म्हणाला.

"आणि लिहिलंय ते?"

"ताय खरा आसा."

मागे यमुनाबाईनं कपाळाला हात लावला. वाडीत कुजबुज उठली. काशीराम उभा राहिला आणि ऑफिसातली मराठी जुळवत म्हणाला, "मॅडम, तारीख बघा. पावसाळ्यात रापण नसतेच. तुमच्या घाटावर मे महिन्यात शेतात काय असतं?"

"काही नसतं."

"मग पडीक म्हणून लिहायचं?"

मॅडम किंचित हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "शेताला सातबारा असतो, आजोबा. तुमच्याकडे काय आहे? नोंदवही, पावत्या, एखादा जुना कागद?"

काहीच नव्हतं. वाटे वाळूवर पडतात, माणसामागे एक ढीग. ज्याचा तो उचलतो, भरती येते आणि जागा पुसली जाते. काशीरामनं निकेतकडे बघितलं. निकेतनं मान फिरवली.

तेवढ्यात जितेंद्र उठला. "मॅडम, काशीकाकांबद्दल मला आदर आहे. मीही गाबताचाच मुलगा. चार वर्षांचा होतो तेव्हा वडील समुद्रात गेले. आईनं डोक्यावर टोपली घेऊन, कोणापुढे हात न पसरता मला वाढवलं. मला कोणी रापण शिकवू नये. पण किनारा सगळ्या शहराचा आहे, बावीस घरांचा नाही."

टाळ्या पडल्या. काशीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. एका वाक्यात त्यानं जितेंद्रला खाली बसवलं असतं. कारण दोरीवरचा माणूस समुद्रात गेला तरी त्याचा वाटा थांबत नाही, त्याचं मूल दोरी धरण्याएवढं होईपर्यंत चालू राहतो. तो उजाडायच्या आधी मागल्या दारी ठेवायचा आणि त्याचा उच्चार कधी करायचा नाही. मुलापुढे तर नाहीच नाही, नाहीतर ते मान खाली घालून वाढतं. जितेंद्रच्या मागल्या दारी तो वाटा ठेवणारा काशीरामच होता. बावीस घरं एका पारड्यात आणि हा न बोलायचा दंडक दुसऱ्या. त्यानं मागे बसलेल्या जानकीकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"माझा आणि काय म्हणणा नाय," तो म्हणाला आणि बसला. निकेतनं कचकन दात आवळले. काशीरामला वाटलं, आपल्या हातानं पुळण घालवली. एकदा पावसात सही करून आणि एकदा आज गप्प बसून.

"मॅडम, माका बोलूचा आसा."

जानकी उभी होती.

"आई, तू बस," जितेंद्र म्हणाला.

"तू बस." तो बसला. "मी जानकी पराडकर, ह्याची आवस. माझ्या डोक्यार टोपली होती, ह्या खरा. पण टोपलेत म्हावरा खंयसून येय, ता ह्येका म्हायत नाय. अकरा वर्सा माझ्या मागल्या दारी वाटो येय, त्याच पुळणीवरसून. ठेवणाऱ्यान कधी सांगूक नाय, मीय कधी विचारूक नाय. आज तरी तो सांगतलो म्हणान मी वाट बघीत होतंय. तो गपच बसलो." तिचा आवाज फाटला. तिनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. "तुमच्या त्या मोकळ्या जागेर माझो झील वाढलो, मॅडम. ता लिवा."

मॅडमनी पेन उचललं. "आणि पावसाळ्यात?"

"पावसात सुक्या म्हावऱ्याचा गाठोडा येय. ताय थंयच सुकवलेला."

मॅडमनी बराच वेळ लिहिलं, मग वाचून दाखवलं. पंचनामा पावसाळ्यातला असल्यानं ऐन हंगामात, येत्या सोमवारी सकाळी सात वाजता, समक्ष फेरपाहणी होईल. तोवर निर्णय नाही. जिंकलं कोणीच नव्हतं. सोमवारी साठ माणसं दोरीवर दिसली नाहीत, तर तेही कागदावर येणार होतं.

काशीराम पायऱ्या उतरला तो एकटाच. निकेत पुढे निघून गेला होता. मागून कोणीतरी झपाझप आलं आणि त्याच्यासमोर उभं राहिलं. जितेंद्र होता. मघाशी सभागृहात ताठ दिसणारी मान आता सैल पडली होती.

"काका, तुम्ही माका कधीच बोलूक नाय." कित्येक वर्षांत तो काशीरामशी मालवणीत बोलला नव्हता.

"बोलाचा नसता ता."

जितेंद्रनं चपलेकडे बघितलं. मग म्हणाला, "सोमवारी माणसां कमी पडतली?"

काशीरामला त्याची दया आली, रागही आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

"उत्तरेच्या दोरीर तिसरी जागा तुझ्या बापाशीची," तो म्हणाला. "ती अजून कोणाक दिली नाय."