कुणाच्या माथी

दादाने पंपाच्या जळक्या मोटारीच्या खाचेत तांब्याची तार बसवली आणि बहिणीकडे न बघताच म्हणाला, "जाऊ की. बघू पुढच्या आठवड्यात."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालास."

"हो, म्हणालो खरा."

हा असा. भांडायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला तपासणीला न्यायचं तरी कसं? ती स्टुलावर बसली, उठली, पंखा वाढवला, पुन्हा बसली. बाकावर उघड्या मोटारी पडल्या होत्या आणि वार्निशचा वास डोक्यात चढत होता. हा मात्र खाली मान घालून तार गुंडाळत होता.

दादा पन्नाशीला टेकला होता. बाबा याच वयात गेले. दादाशी कडाक्याचं भांडण चाललेलं असताना, बोलता बोलता खाली कोसळले. तेव्हापासून दादाने कुणापुढे आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाईक कितीही हुज्जत घालो, हा आपला 'बरं बरं' म्हणून मोकळा.

त्यांच्या घराण्यात आजारपणाने कुणी मेलंच नव्हतं. प्रत्येकाला कुणी ना कुणी मारलं होतं. आजोबांना शेजाऱ्याच्या कोर्टकचेरीने, थोरल्या आत्याला नव्या घराच्या जिन्याने, काकांना काकूच्या स्वयंपाकाने. भरल्या ताटावर बसल्या जागी कलंडले ते. आणि बाबांना दादाने. आई तसं एकदाच म्हणाली होती. पण तेवढं पुरलं.

बहिणीचा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचं काही?" तेव्हा ती म्हणूनच ठामपणे नाही म्हणाली होती. "मग गेले कशाने?" म्हटल्यावर तिने हौसेने एकेकाची कहाणी सांगायला घेतली. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

आता ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"तार ठेव खाली. आजोबा, आत्या, काका, बाबा. सगळे पन्नाशीच्या आसपास, सगळे एका झटक्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे घराण्यातलं हृदयाचं दुखणं दिसतंय. वेळीच तपासलं तर आवरता येतं. माझ्या गोळ्या सुरू झाल्या. तुझं काय?"

"बाबांचं वेगळं होतं."

"मीही तेच सांगितलं त्यांना. म्हणाल्या, भांडणं काय, घरोघरी होतात."

दादाचा हात थांबला. तार सैल होऊन बोटांवरून घसरली. घाबरला, असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं. घाबरल्याशिवाय हा जागचा हलायचा नाही.

"काका पण?" त्याने विचारलं.

"काका पण."

"त्यांना तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं?"

"कोण बोलणार? काकू वाढत होती."

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला. काचा स्वच्छ झाल्या तरी तो पुसतच राहिला.

"उद्या सकाळी येतो तपासून घ्यायला," तो म्हणाला.

"काकूला हे कुणी सांगितलं का?" चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्याने विचारलं.

"काय?"

"की तिनं काही केलं नव्हतं."