कॅलेंडरमागचा पासवर्ड

कुंभारखिंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई. नाव भारदस्त, घरं दोनशे चाळीस. घाटकोपर, मुलुंड, सांताक्रूझ, गोवंडी, जिथे जागा परवडली तिथे पसरलेली. गावच्या देवळाची दुरुस्ती, पालखीचा मान, वाडीतली भांडणं हे सगळं मंडळ बघतं आणि गेली चार वर्षं मुलामुलींची लग्नंही जुळवतं. त्यासाठी मंडळाने वेबसाइट काढली होती. फोटो, उंची, शिक्षण, नोकरी कुठे, मोबाइल नंबर, सगळं तिच्यात. श्रुतिका घाडीगावकरचंही होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं. वडिलांनी परस्पर दिलं होतं, आणि वडील म्हणजे दशरथ घाडीगावकर, मंडळाचे चिटणीस.

श्रुतिका मुलुंडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पडलेल्यांचे खांदे तिच्या हातात यायचे, आणि हाताला गुण होता. सोमवारी सकाळी एका अनोळखी माणसाने फोन करून तिला दर विचारला. कसला दर, हे तिला तिसऱ्या फोनला कळलं. घरी येऊन मसाज करून मिळेल, अशी कोणीतरी तिच्या नावाने जाहिरात टाकली होती. खाली तिचा नंबर, दवाखान्याचं नाव आणि फोटो. हिरव्या साडीतला, आत्याच्या घरच्या लग्नातला. शेजारी आई उभी होती, तिला कापून काढलेलं, पण आईचं कोपर कडेला राहिलेलं. ती कात्री दशरथची. हा कापलेला फोटो मंडळाच्या वेबसाइटशिवाय जगात कुठेही नव्हता.

मंगळवारी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माझा विश्वास आहे गं, म्हणाले, पण पेशंट विचारतात. शनिवारपर्यंत पोलिसांत गुन्हा नोंदवल्याची प्रत आण, तोवर घरी थांब. प्रत नाही आली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. शनिवारनंतर तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती.

तिने मामेभाऊ सर्वेशला फोन केला. हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लहानसहान कारखान्यांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. मंडळाची वेबसाइट त्यानेच फुकटात करून दिलेली. तो आधी शिव्या हासडून मोकळा झाला आणि मग म्हणाला, "सुरक्षा महाग आहे म्हणून लोक बोंबलतात ना, सगळं खोटं. कुलूप फुकट मिळतं यार. लावायला लाज वाटते."

लाज वाटली होती ती बळवंतकाकांना, मंडळाच्या अध्यक्षांना. सर्वेशने प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड दिला होता आणि वेबसाइट उघडताना मोबाइलवर एक आकडा यायचा, तो टाकला की मगच आत. एक पैसा खर्च नव्हता. ही व्यवस्था मोजून नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी, रविवारच्या सभेत, काका उभे राहून सर्वेशकडे बोट करत गरजले, "माका इचारता, तुमी कोण! अरे, हेच्या बापाशीच्या लग्नात जेवान वाढलंय मी." सभेने माना डोलावल्या. आपल्याच माणसाला ओळख विचारायची म्हणजे अपमानच की. दशरथने त्याच संध्याकाळी ते आकड्याचं झेंगट बंद करायला लावलं आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड ठेवला, ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे मंडळाच्या स्थापनेचं साल. कोणी विसरू नये म्हणून तो मंडळाच्या कॅलेंडरच्या मागे छापलासुद्धा. ते कॅलेंडर दोनशे चाळीस घरांत लागलं आणि जाहिरात दिली म्हणून पिठाच्या गिरणीत, वाण्याकडे, केस कापायच्या दुकानातही लागलं. चोराला काही शोधावं लागलं नाही. त्याला पान उलटावं लागलं, बस.

बुधवारी ती पोलीस ठाण्यात गेली. सायबरच्या टेबलावर संघमित्रा मॅडम होत्या, फौजदार, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला. कायदा तुमच्या बाजूने आहे, म्हणाल्या. लोकांची माहिती गोळा करणाऱ्याने ती सांभाळलीच पाहिजे, मग ती मोठी कंपनी असो की गावचं मंडळ. फक्त मंडळाचं एक पत्र हवं. हा फोटो आमच्या यादीतला आहे आणि यादी कोण कोण बघू शकत होतं, एवढंच. पत्र आलं की लगेच गुन्हा नोंदवते. श्रुतिकाला हसू आलं. मंडळाची कोरी लेटरहेड आणि शिक्का तिच्याच घरी होता, कपाटात, बिस्किटाच्या डब्यात.

घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. दशरथचा लगेच बळवंतकाकांना फोन झाला, बराच वेळ. काकांचं म्हणणं, पत्र दिलं तर मंडळच आरोपी व्हायचं, यादीत आणखी छत्तीस मुली आहेत, त्यांच्या सोयरिकी मोडतील. फोन ठेवून दशरथ मुलीकडे न बघता म्हणाले, "मंडळ चाळीस वर्षांचं आहे, बाय. तुझं लोक चार दिवसांत विसरतील."

त्यावर ती बोलली, कधी नव्हे ते बोलली. माझ्या हाताखाली येणारे पेशंट विसरतील का, विचारलं. फोटो द्यायच्या आधी मला विचारलं होतंत का, तेही विचारलं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेलीच. शेवटी दशरथ म्हणाले, बघतो.

आणि गुरुवारी सकाळी खरोखरच दाढी करून, लेटरहेड आणि शिक्का पिशवीत घालून ते पोलीस ठाण्याला निघाले. पांढरा शर्ट श्रुतिकाने स्वतः इस्त्री करून दिला. कॉलरवरची सुरकुती जाईना, म्हणून पाणी मारून पुन्हा फिरवली. बाप शेवटी बाप असतो, असं तिला वाटलं. वाटलं याचा पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला.

शुक्रवारी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला, पत्र मिळालं, येऊन जा. ती रिक्षाने गेली. संघमित्रा मॅडमनी कागद तिच्यापुढे सरकवला. अक्षर गोल, ठाशीव, शब्दांवर सरळ रेघ. या अक्षरात तिचा शाळेचा प्रत्येक फॉर्म भरलेला होता. मजकूर दोन ओळींचा. मंडळाची यादी पुन्हा तपासून पाहिली असून सदर नावाच्या मुलीची आमच्याकडे कोणतीही नोंद नाही. खाली शिक्का, चिटणिसाची सही.

तिने मोबाइलवर वेबसाइट उघडून पाहिली. पासवर्ड तोच होता, कोणी बदलला नव्हता. छत्तीस मुली जागच्या जागी होत्या, फोटो, नंबर, सगळ्यासकट. फक्त तिचं पान नव्हतं.

मॅडमनी अर्जावरचं नाव पाहिलं, पत्राखालचं पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. श्रुतिका पाणी प्यायली नाही. तिने कोरा कागद मागून घेतला. माहिती सांभाळली नाही आणि आता पुरावा पुसला, अशी दुसरी तक्रार द्यायची आहे, म्हणाली. फोटोची मूळ प्रत आणि कॅलेंडर तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, पासवर्डची बाजू वर करून.

"कोणाविरुद्ध?" मॅडमनी विचारलं.

"दशरथ बाबाजी घाडीगावकर. चिटणीस."

"त्यांचा पत्ता?"

"माझ्या अर्जावर आहे ना वर," श्रुतिका म्हणाली, "तोच घाला."