शेवटच्या घरापर्यंतचं पाणी

मानसरोवर वसाहतीतलं घर मिळालं तेव्हा चारुलताला वाटलं, बदलीच्या नोकरीत चार वर्षं तरी आता स्वस्थ जातील. तिचे यजमान आनंदराव केंद्र सरकारच्या कचेरीत होते. मूळचे साताऱ्याचे, मग भोपाळ, आणि आता जयपूर. हाउसिंग बोर्डाची कोरी घरं, अंगणात अजून वाळू, आणि त्यांचं घर गल्लीतलं अगदी शेवटचं. पुढं मोकळं मैदान. वारा छान येईल, असं आनंदराव म्हणाले होते. वारा आला, पाणी मात्र हळूहळू यायचं थांबलं.

आधी सकाळी तासभर नळ चाले आणि सगळ्यांची कामं उरकत. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात धार बारीक झाली, तेव्हा गल्लीतल्या माथुरांनी नळाच्या पाइपलाच मोटर जोडली. त्यांच्या शेजाऱ्यांचं पाणी कमी झालं, म्हणून त्यांनीही जोडली. बघता बघता घरोघरी मोटर आली. मग लहान मोटर पुरेना, तशा मोठ्या आल्या. आनंदरावांनीही बापू बाजारामागून एक आणली. पण शेवटच्या घरापर्यंत पाइपात काही उरतच नसे. मोटर नुसती घरघरायची, आणि चारुलता रिकाम्या बादलीजवळ उभी असायची.

गल्लीतलं पहिलं घर माजीसांचं. शेखावतांच्या घरातल्या या म्हाताऱ्या बाईंना सगळे तिकडच्या रीतीनं माजीसा, म्हणजे आईसाहेब, म्हणत. मुलगा फौजेत, त्या एकट्या. त्यांची टाकी भरून वाहायची आणि ते पाणी रस्त्यावर यायचं. एकदा चारुलता न राहवून म्हणाली होती, "माजीसा, तुमचं पाणी गटारात चाललंय, आमच्याकडं थेंब नाही."

"मग तुझी मोटर कशाला आहे?" माजीसांनी विचारलं होतं.

तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या.

मे महिन्यात त्यांच्या विभाला ताप आला. आठ वर्षांची पोर, चार दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे. तुमच्या गल्लीतून ही तिसरी केस. पाइप कुठंतरी फुटलेला असणार. मोटरीनं ओढलं की आजूबाजूची घाणही आत येते. पाणी उकळून द्या, आणि घरात स्वच्छता हवी."

उकळायला पाणी हवं, आणि स्वच्छतेला तर फारच. आनंदराव कचेरीतून स्कूटरवर कॅन भरून आणू लागले. ते प्यायला पुरे. पण विभाला उलट्या होत होत्या, चादरी रोज बदलाव्या लागत होत्या. "आई, मला प्यास लागली," असं ती म्हणाली की चारुलता कॅनकडं आधी बघायची आणि मग तिच्याकडं. तसं बघितल्याची तिची तिलाच चीड यायची.

शेवटी एका दुपारी, लूचा उष्ण वारा वाहत असताना, डोक्यावर पदर घेऊन ती पहिल्या घरी गेली. हातात बादली होती.

माजीसांनी दार उघडलं, बादली पाहिली. काही विचारलं नाही. टाकीतून भरून दिली. दुसरी स्वतःची बादली भरून त्या स्वतः चारुलताबरोबर निघाल्या, मध्ये दोनदा टेकवत. विभाजवळ बसल्या, तिचे डोळे पाहिले, कोपऱ्यात साठलेले कपडे पाहिले.

"कधीपासून हे?" त्यांनी विचारलं.

"आठवडा झाला."

"आणि तू आज आलीस?"

चारुलताला रडू आलं. माजीसा म्हणाल्या, "रडू नको. दोन बादल्यांनी भागायचं नाही. उद्या मी मोटर लावत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच लावली नाही. चारुलता नळाशी उभी राहिली. नळ सुं सुं करत राहिला. पहिल्या घरानं सोडलेलं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या घरांनी ओढून घेतलं होतं. माजीसांच्या टाकीतही त्या दिवशी पाव भागच पाणी आलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर माजीसा काठी घेऊन बाहेर पडल्या. प्रत्येक दारात थांबल्या. कुणाला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "त्या मराठी लोकांची पोर आजारी आहे. उद्या एक दिवस मोटर लावू नका. एकच दिवस."

एका दिवसाला नाही कोण म्हणणार? माथुर थोडे घुटमळले. पण त्यांच्याच पुतण्याला कावीळ होऊन गेली होती. त्यांनीही मान हलवली.

सकाळी गल्ली इतकी शांत होती, की मैदानातले मोर ऐकू आले. चारुलतानं नळ सोडला. आधी हवा, मग गढूळ पाणी, आणि मग करंगळीएवढी स्वच्छ धार. ती तिथंच खाली बसली.

आनंदराव मागून आले. धार पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मोटरीची वायर उचलली.

"काय करताय?"

"अगं, आज सगळ्यांच्या बंद आहेत. हीच तर संधी आहे. अर्ध्या तासात टाकी भरेल. पुन्हा कधी असं होणार?"

"आपल्यासाठीच बंद आहेत ना त्या?"

"म्हणून तर म्हणतोय. विभासाठीच लागणार आहे."

चारुलतानं प्लगवर हात ठेवला. "अहो, आपण लावली की शेजारचे ऐकतील. ते लावतील. उद्या परत हा नळ कोरडा. भरू दे हळूहळू."

आनंदरावांनी हातातल्या वायरीकडं पाहिलं. मग त्यांनी ती गुंडाळली आणि बादली सरकवून धारेखाली नीट धरली. टाकी भरली नाही. पण दोन पिंपं भरली, आणि आठवड्याचे कपडे धुऊन झाले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. पाइपातलं पाणी कुणी ओढत नव्हतं, त्यामुळं फुटक्या जागेतून ते बाहेर झिरपलं आणि माथुरांच्या दारासमोरची वाळू ओली झाली. इतके दिवस न सापडलेली गळती अशी आपसूक दिसली. पुरुषांनी मिळून तिथं खणलं, वॉटरवर्क्सच्या माणसाला बोलावून सांधा बदलून घेतला. चहा माथुरांकडून आला.

मग एका दिवसाचे दोन झाले. कुणी ठरवलं नव्हतं. मध्येच एखाद्या सकाळी मोटर वाजायची. मग माजीसा काठी टेकत त्या दारात जाऊन बसायच्या आणि चहा मागायच्या. चहा होईपर्यंत मोटर बंद झालेली असे. उन्हाळा सरता सरता बहुतेकांनी मोटरी काढून माळ्यावर टाकल्या.

विभा बरी व्हायला महिना लागला. तिला भूक लागू लागली, तेव्हा चारुलतानं पुरणपोळ्या केल्या आणि डबा घेऊन पहिल्या घरी गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं होतं.

"माजीसा, तुमच्यामुळं माझी पोर..." एवढंच तिला म्हणता आलं.

"माझ्यामुळं काय? मी तर नुसती मोटर बंद केली. दुसऱ्यांनी केली नसती, तर तुला काय मिळालं असतं?" माजीसांनी पोळीचा तुकडा तोडला. "आणि त्या सकाळी तुझीही मोटर वाजली नाही, ते मी ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं."

चारुलता तिथंच त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. बाहेर माथुरांच्या मुलीबरोबर विभा दोरीवरच्या उड्या मारत होती. माजीसांनी दुसरी पोळी घेतली आणि तूप मागितलं.