हातात बाळ होतं

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. म्हणून आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात घडीच्या टेबलापाशी बायका जोडीनंच उभ्या असतात. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींपर्यंत जायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. दिवसाला तीनेकशे वेळा. माझी जोडी मावशींशी. त्यांना तिथे अठरा वर्षं झाली, मला तीन. बाळंतपणानंतर मी परत कामावर आले तेव्हा टोकं घेताना त्या माझी बोटं जराशी दाबायच्या. "जागरण झालं ना गं?" चेहरा बघायची त्यांना गरजच पडत नसे.

युनियनच्या सभेच्या आदल्या दिवशी चादर झटकता झटकता त्या म्हणाल्या, "उद्या माझं एक काम कर. मी हात वर केला की तूही कर."

कशासाठी ते मला ठाऊक होतं. सीमेवर युद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते, आणि युनियननं युद्धाविरुद्ध ठराव करावा असं अध्यक्षबाईंनी मनावर घेतलं होतं. त्यावरून जेवणाच्या सुट्टीतली टेबलं वेगळी झाली होती. मावशींचा मुलगा तिकडेच होता. बावीस वर्षांचा.

"युद्ध वाईट असतं हे मला कोणी शिकवायला नको," मावशी म्हणाल्या. "पण मी युनियनमध्ये आले ती पगारासाठी, पाळ्यांसाठी, गरम पाण्याच्या नळासाठी. माझा पोरगा तिकडे बसलाय ते बरोबर की चूक, हे ठरवायला नाही. तो रविवारी फोन करतो. मला त्याला एवढंच सांगायचंय, आईनं हरकत घेतली आणि ती वहीत लिहिलीय."

हरकत सभेच्या वहीत लिहिली जायला दोन हात लागतात. पूर्वी एक बाई चहाच्या कपांच्या रंगालाही हरकत घ्यायची, तिला आवरायला केलेला हा नियम. एकटीची हरकत नोंदवत नाहीत. ठराव एकमताने मंजूर, असंच लिहितात.

"करते की," मी म्हणाले. "त्यात काय एवढं."

सभा दिवसपाळी सुटल्यावर, जेवणाच्या खोलीत होती. मी पाळणाघरातून बाळाला घेऊन पोचले तेव्हा मावशींनी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. मी बसले तसे त्यांनी हात पुढे केले. "दे इकडे त्याला."

"राहू दे मावशी, रडेल."

तो मावशींकडे कधी रडलेला नाही. त्यांच्या खांद्यावर माझ्यापेक्षा लवकर झोपतो. त्यांनी हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या. माघारी आम्ही त्यांना भोंगा म्हणतो. तिन्ही मशिनं चालू असली तरी त्यांचा आवाज वर येतो. त्यांनीच साहेबांशी भांडून मला दिवसपाळी मिळवून दिली होती, आणि दुपारी बाळाला पाजायला अर्धा तास. त्या म्हणाल्या, "रक्ताच्या चादरी धुतो आपण. जखमी रोज येतायत आणि मलमपट्टीचं सामान मात्र कमी येतंय. आपण नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?"

मला ते पटलं. अगदी मनापासून. पण मावशींना मी जे कबूल केलं होतं, त्याच्या आड ते येत नव्हतं. ठराव चूक आहे असं म्हणायचंच नव्हतं, तो सगळ्यांच्या नावानं जाऊ नये एवढंच म्हणायचं होतं. हे मला तेव्हा तिथे बसल्या बसल्याही कळत होतं.

"कोणाची हरकत?"

मावशींनी हात वर केला. ब्लीचनं कोपरापर्यंत फिकट पडलेला त्यांचा हात.

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, अहो तुमच्या पोराला घरी आणायलाच तर चाललंय हे." काहीजणी हसल्या.

"आणा ना," मावशी म्हणाल्या. "माझं नाव न घालता आणा."

"आणखी कोणी?" अध्यक्षबाईंनी खोलीभर नजर फिरवली. माझ्यावरून ती गेली तेव्हा मला दिवसपाळी आठवली, पाजायचा अर्धा तास आठवला. मी बाळाचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं. मग त्याचे बंद सोडून पुन्हा बांधले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या हात वर धरून सरळ समोर बघत राहिल्या, आणि अध्यक्षबाईंनी वहीत लिहायला घेतलं तेव्हा कुठे तो खाली घेतला.

"एकमताने मंजूर."

टाळ्यांनी बाळ दचकून रडायला लागलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. त्याला घेऊन मी बाहेर सटकले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चादरीला मी म्हणाले, "मावशी, काल हातात बाळ होतं हो."

"मागितला होता मी," त्या म्हणाल्या.

बस. टोकं घ्यायला त्या माझ्यापर्यंत आल्या, पण बोटं नाही दाबली. माझी बोटं लागायच्या आत त्या टोकं ओढून घेत होत्या. तीनशे चादरी.

शनिवारी न राहवून मी अध्यक्षबाईंकडे गेले. म्हटलं, माझा हात आता लिहून घ्या.

"सभा संपल्यावर कसा लिहू?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तेव्हा का नाही केलास?"

"तुम्ही मला दिवसपाळी..."

त्यांचा तो आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हात वर केला म्हणून मी तुझी पाळी काढली असती? एवढीच वाटले होय तुला?"

म्हणजे भ्यायले तेही उगीचच. दोघींनाही कमी लेखलं मी.

सोमवारी मावशींनी आपण होऊनच सांगितलं. "पेपरात आलं म्हणे. काल फोनवर पोरानं विचारलं, आई, तूसुद्धा?"

"मग?"

"सांगितलं मी, हात वर केला होता म्हणून. तो म्हणाला, असू दे. माझी समजूत घालत होता गं तो."

चादर आमच्या मध्ये लोंबत राहिली.

"मी त्याला पत्र लिहू?" मी विचारलं. "तुम्ही हात वर केला होता, मी बघितलाय, असं?"

"शेजारी बसून तू काय करत होतीस तेही लिहिणार?"

मी मानेनंच हो म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत मी बाळाला पाजून कडेवर तसंच घेऊन आले आणि कागद समोर ठेवला. एका हातानं बाळ धरायचं, दुसऱ्यानं लिहायचं, वर ते पेन ओढत होतं. मावशी डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसल्या होत्या. थोड्या वेळानं डबा बंद करून उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केले.

"दे इकडे. म्हणजे सगळं लिहिशील."

मी बाळ दिलं. ते रडलं नाही.

मी लिहिलं, 'तुझ्या आईनं हात वर केला होता.' पुढचं वाक्य लिहिता लिहिता सुट्टी संपली.