पंप लावा, बाबा

त्या सिरियलमध्ये माणसं भांडायची गाण्यात, रुसायची गाण्यात, आणि मरतानाही कडवं पूर्ण करूनच मान टाकायची. त्यामुळे गाणी ढिगानं लागायची. ती लिहायचं काम एका सूनबाईंना मिळालं. पहिलंच काम. सासरेबुवांनी "आमची सून लिहिते!" म्हणत बिल्डिंगभर दवंडी पिटली आणि पहिलं गाणं बघायला शेजारपाजार घरी बोलावला.

कामाची पद्धत अशी, की संगीतकार आधी चाल पाठवायचा. ती जिभेवर बसेपर्यंत सूनबाई तोंडाला येतील ते शब्द घालून म्हणायच्या आणि फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवायच्या. खरे शब्द नंतर. त्या सकाळी सासरेबुवा नेहमीसारखे बाथरूममध्ये तळ ठोकून होते, आणि सूनबाईंच्या तोंडाला आलं ते हे:

"उघडा दार, बाबा, संपलं पाणी,
बाहेर उभी मी टॉवेल घेऊनी,
पंप लावा, बाबा, पंप लावा!"

खरे शब्दही वेळेवर गेले. पण संगीतकारानं गायिकेला फाईल पाठवली ती पहिली. गायिकेचं लक्ष सुरांवर. पंपावर तिनं अशी काही हरकत घेतली की रेकॉर्डिस्ट 'वाहवा' म्हणाला. डायरेक्टर फक्त चेहरे बघायचा. हिरॉईनला भाषाच येत नव्हती. शब्द घोकून तिनं एवढंच विचारलं, "रडायचं ना?"

"ढसाढसा."

प्रसंग होता बापानं घराबाहेर काढलेल्या मुलीचा. बंद दारावर डोकं टेकून ती पंप लावायची विनवणी करत होती आणि अख्खा सेट नाक पुसत होता.

दाखवायच्या दिवशी एडिटरचा फोन आला. "ताई, पंप कुठल्या कंपनीचा वापरता?"

सूनबाई चप्पल उलटी घालूनच स्टुडिओत धावल्या. हे असंच गेलं तर काम जाणार होतं, आणि भरल्या घरात सासरेबुवांची अब्रूही.

"परत शूट करा ना!"

"हिरॉईन विमानात बसली," डायरेक्टर म्हणाला, "आणि ते दार दुसऱ्या सिरियलीत तुरुंगाला लागलं."

"मग पाठमोरी दाखवा."

"अख्खं गाणं?" एडिटर म्हणाला. "लोक टीव्ही फिरवून बघतील. नाही ताई, ओठांवर बसतील असे नवे शब्द द्या. गायिका आत तयार आहे."

आवाज बंद करून सूनबाई हिरॉईनच्या ओठांकडे बघत बसल्या. टॉवेलच्या जागी 'काहूर' चपखल बसलं.

"पाणी राहू दे," एडिटर म्हणाला. "डोळ्यांतलं वाटेल."

पण पंप! पडदाभर चेहरा, आणि दोनदा घट्ट मिटणारे ओठ.

"माप लावा?"

"शिंप्याकडे आलीय का ती?"

"पाप लावा?"

"कुणाला? आपल्याला लागेल ते."

तेवढ्यात फोन वाजला. सासरेबुवा. "सूनबाई, खुर्च्या कमी पडल्या गं! समोरची काकू विचारते, पोरीला एवढं लिहायला शिकवलं कुणी? आता मी काय तुझा बाप आहे? पण म्हटलं, मीच."

"काय म्हणालात?"

"अगं, तेवढंच जरा..."

"बाबा, ठेवते!"

सूनबाईंनी एडिटरकडे वळून म्हटलं, "बाप व्हा ना, बाबा, बाप व्हा ना!"

एडिटरनं चित्र पुन्हा चालवलं. ओठ जिथल्या तिथे मिटले. सकाळपासून खिदळणारा तो माणूस चष्मा काढून पुसत बसला. गायिकेनं ओळ एका दमात गायली.

संध्याकाळी गाणं लागलं. तिसरी ओळ आली आणि सासरेबुवा उठले. कुणाकडे न बघता बाथरूममध्ये गेले, आतून कडी घातली, नळ फुल्ल सोडला.

शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. सूनबाई टॉवेल घेऊन बाहेर उभ्या राहिल्या. "उघडा दार, बाबा."

दार पहिल्या हाकेला उघडलं. घराच्या इतिहासात हे प्रथमच. डोळे लालभडक.

"साबण गेला," सासरेबुवा टॉवेल ओढून घेत म्हणाले. "छान होतं गाणं. काकू रडली."

"आणि तुम्ही?"

"मला एक कळलं नाही. पोरगी घसा फोडून सांगतेय पाणी संपलंय. मग तो शहाणा पंप का लावत नाही?"

सूनबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि पोट धरधरून हसत सुटल्या.